शेवटच्या माणसाची शिटी

आमच्या चौघांत कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. कॉलेज संपल्यावरच्या पहिल्याच ट्रेकला एकाच नावाचे तिघे निघाले, तेव्हा कोणीतरी वैतागून ज्याला त्याला स्टेशनावरून हाका मारायला सुरुवात केली. पुढे लोक गळत गेले, आम्ही चौघे उरलो आणि स्टेशनांची नावं तशीच चिकटून राहिली. आता आमच्या घरचेही "बोरिवलीचा फोन येऊन गेला" असंच सांगतात.

बोरिवली शाळेत विज्ञान शिकवते. ती सगळ्यांच्या पुढे चालते आणि पन्नाशी उलटली तरी तिला धाप लागलेली आम्ही कोणी पाहिलेली नाही. घाटकोपरचं औषधांचं दुकान आहे, आणि दुकान बंद असलं तरी त्याचं तोंड चालू असतं. पार्ले एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. कमी बोलतो. शाळेपासूनचा माझा मित्र. आणि मी मुलुंड. रोज मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, दिवसभर विम्याचे दावे तपासायचे आणि आल्या वाटेने परत, असं माझं सव्वीस वर्षं चाललं आहे. पूर्वी मेट्रो नव्हती, तेव्हा बस होती, एवढाच काय तो फरक.

सह्याद्रीत हिंडणाऱ्या मंडळींत पुढचा माणूस आणि शेवटचा माणूस ठरलेला असतो. पुढचा वाट काढतो. शेवटच्याचं काम एकच, त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. कोणी बसलं तर त्यानेही बसायचं, कोणाच्या बुटाचा तळ सुटला तर त्याने तो दोरीने बांधून द्यायचा. आमच्यात पुढच्याकडे एक आणि शेवटच्याकडे एक शिटी असते. धुक्यात किंवा माजलेल्या कारवीत पुढचे दिसेनासे होतात, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी शेवटच्याने शिटी वाजवायची. एक लांब शिटी म्हणजे मागे सगळं ठीक आहे, चालत राहा. दोन म्हणजे थांबा. पुढच्यांनी त्यावर शंका घ्यायची नाही. शेवटच्याने एक वाजवली की विषय संपला. सत्तावीस वर्षं मी शेवटचा माणूस होतो. एवढ्या वर्षांत दोन शिट्या मी चार-पाच वेळाच वाजवल्या असतील, त्याही दुसऱ्यांच्या पायांपायी.

खरं सांगायचं तर गेली तीन-चार वर्षं मी शेवटी चालत होतो ते मला त्याहून भरभर चालता येत नव्हतं म्हणून. हे कोणाला कळायचं कारण नव्हतं, कारण शेवटच्याने हळू चालावं अशीच अपेक्षा असते. बरोबर कोणी नवखं आलं आणि धापा टाकायला लागलं की मला आतून बरं वाटायचं. त्याच्या नावावर मीही बसून घ्यायचो. "पाणी पी रे, काही घाई नाही," असं म्हणत त्याची अर्धी बाटली मीच संपवायचो. लोक म्हणायचे, किती सांभाळून घेतो हा माणूस. मी ते ऐकून घ्यायचो.

बर्फाचं डोकं बोरिवलीचं. जानेवारीत एका रविवारी नॅशनल पार्कात चालून झाल्यावर ती म्हणाली, "गुडघे आहेत तोवर एकदा बर्फात जाऊन येऊ या. एप्रिलच्या शेवटी वाट उघडते. गर्दी नसते, बर्फ असतो. एक रात्र वर तंबूत, सकाळी कड्यापर्यंत आणि खाली." घाटकोपरने तिथल्या तिथे हो म्हटलं. मी आढेवेढे घ्यायला हवे होते. पण ज्याने सत्तावीस वर्षं सगळ्यांना "होईल रे, चल" म्हटलं, त्याने "मला नाही जमणार" कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीचे सात मजले दोनदा चढायला लागलो. चौथ्या मजल्यावर जिन्यात उभा राहून मी रोज फोन बघायचो, म्हणजे कोणी दार उघडलं तर मेसेज वाचतोय असं दिसावं.

पार्लेला मात्र मी भरीस घातलं. तो तीन वर्षं आमच्याबरोबर आलाच नव्हता. वडील अंथरुणाला खिळलेले, रात्रीची बाई ठेवली तरी रविवार त्याचाच. डिसेंबरात वडील गेले. "आता तरी बाहेर पड," मी म्हणालो. तो म्हणाला, "माझा दम गेलाय रे. मी तुम्हाला जड होईन." मी म्हणालो, "मागे मी आहे ना." हे मी मैत्रीने म्हणालो, पण त्या मैत्रीत एक हिशेब होता. आमच्यात हळू चालणारं कोणीतरी असणं मला हवं होतं.

गाव हिमाचलातलं, रस्त्याच्या शेवटचं. त्या हंगामात वर जाणारे आम्ही पहिलेच होतो, असं वाटाड्याने सांगितलं. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. त्याचा मेव्हणा तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन पुढे जाणार होता. वाटाड्याने संध्याकाळीच बजावलं, पहाटे पाचला निघायचं, बर्फ कडक असतो तोवर चालून घ्यायचं, दुपारी तो विरघळतो आणि पाय आत जातात. आम्ही माना डोलावल्या. आणि सकाळी निघालो ते साडेआठला. कारण बोरिवलीने मुंबईहून पोहे, दाणे, कढीपत्ता असं सगळं बांधून आणलं होतं आणि रिकाम्या पोटी चढायचं नाही हा तिचा नियम. किल्ल्यावर जाताना ते ठीक असतं. वाटाडा दारात उभा राहून उन्हाकडे बघत होता. त्यानेही दोन वाट्या पोहे खाल्ले.

देवदारांत वाट चांगली होती. बर्फ सावलीत ढिगाढिगाने पडलेला. घाटकोपरने तो हातात घेऊन फोटो काढले, मग बायकोला, मुलाला आणि दुकानातल्या माणसाला पाठवून दिले. निघतानाच वाटाड्याने मला विचारलं होतं, "साहब, पीछे मैं चलूँ? आगे का रास्ता मैडम देख लेंगी, मेरे साले के पैरों के निशान हैं." मी म्हणालो, "पीछे मैं ही रहूँगा. सत्ताईस साल से पीछे ही हूँ." त्याने खांदे उडवले. शिटीचा अर्थ त्याला बोरिवलीने समजावून सांगितला. हे सगळं होताना मला अभिमान वाटत होता, हे नमूद करून ठेवतो.

झाडं संपली आणि पांढरं सुरू झालं. बर्फ सुंदर वगैरे असेल, मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला बूट आठवतात. पाऊल टाकलं की वरचा पापुद्रा क्षणभर तोलून धरायचा आणि मग पाय गुडघ्यापर्यंत आत. तो उपसून काढायचा, पुढे टाकायचा, तो पुन्हा आत. भाताच्या खाचरात चालावं तसं, फक्त इथे चिखल पांढरा आणि हवेत श्वासाला काही नाही. मी पावलं मोजायला लागलो. चाळीस झाली की थांबायचो. मग तीस. मग वीस. पुढचे तिघे आधी रंगीत जॅकेटं होते, मग ठिपके झाले, मग एका उंचवट्यापलीकडे गेले.

पार्ले माझ्यापुढे दहा पावलांवर होता. सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं. झाडं संपायच्या आत जेवायला थांबलो तेव्हा त्याने एक पोळीसुद्धा खाल्ली नाही. "ऍसिडिटी असेल," तो म्हणाला. आमच्याकडे छातीत कळ आली तरी ती ऍसिडिटीच असते. घाटकोपरने त्याला पित्ताची गोळी दिली आणि वर उंचीच्या त्रासावरची अर्धी गोळी. "झकास होशील अर्ध्या तासात," म्हणाला. बोरिवलीने त्याचे डोळे पाहिले आणि मला म्हणाली, "तू आहेस ना याच्याबरोबर? काही वाटलं तर दोन वाजव, आम्ही थांबतो." मी म्हटलं, आहे.

त्यानंतर पार्ले मधूनमधून काहीतरी म्हणत होता. वारा होता, कानांवर माकडटोपी होती, आणि मी माझ्या पावलांच्या मोजणीत होतो. मी "हो, हो" म्हणत होतो. तो थांबला की मी थांबायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं. तो थांबला नसता तर मला थांबता आलं नसतं. त्याचं डोकं दुखतंय म्हणून मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी त्याच्यामुळे आपण वाचलो असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. दुसरं जास्त खरं होतं.

एका चढावर तो बाजूला वळला आणि ओकला. मग बर्फातच बसला. ओठ पांढुरके झाले होते. त्याने हातमोजा काढून कपाळ दाबून धरलं आणि मला म्हणाला, "मुलुंड, दोन वाजव."

शिटी माझ्या छातीवर लोंबत होती. मी ती तोंडात धरली. इथे मला नेमकं काय वाटलं ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. दोन वाजवली असती तर ते तिघे मागे आले असते. वाटाड्याने पार्लेकडे पाहून खाली फिरायला लावलं असतं. कडा गेला असता. साहेबांच्या पाया पडून मिळवलेली आठ दिवसांची रजा गेली असती. पण ही सगळी नंतर सुचलेली कारणं आहेत. मला एवढंच दिसत होतं, की ते तिघे परत येतील आणि मलाही बघतील. माझे पाय थरथरत होते, नाक गळत होतं, आणि मला कोणीतरी धरून चालवावं इतका मी संपलो होतो. शेवटचा माणूस असा दिसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मी एक वाजवली. लांब, व्यवस्थित.

पलीकडून बोरिवलीची एक शिटी आली. समजलं, चाललो. पार्ले माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हणालो, "पोचलोच आपण. त्या उंचवट्यापलीकडे तंबू असतील. बसून राहिलास तर गारठशील." यातलं गारठण्याचं खरं होतं. तंबूंचं मी दडपून सांगितलं. ते तिथून अडीच तासांवर होते.

त्या अडीच तासांत मी त्याची सॅक घेतली, हे खरं आहे. त्याला काखेत धरून चालवलं, हेही खरं. मेथीचा लाडू दगडासारखा झाला होता, तो दातांनी फोडून त्याला भरवायला गेलो, त्याने तोंड फिरवलं. शेवटच्या तुकड्यावर वाटाडा आम्हाला शोधत खाली आला, त्याने पार्लेला दुसऱ्या बाजूने धरलं आणि आम्ही संधिप्रकाशात तंबूंशी पोचलो. बोरिवली पळत आली. "अरे, आणलंस तू याला," ती म्हणाली. मी तंबूच्या दोरीवर हात ठेवून उभा होतो, कारण हात काढला असता तर पडलो असतो.

वाटाड्याने पार्लेला गरम पाणी पाजलं आणि विचारलं, हे कधीपासून चाललंय. मी म्हणालो, "शाम से." तो म्हणाला, अंधारात नेण्यापेक्षा बसवून ठेवू, पहाटे सगळ्यात आधी यांना खाली काढायचं. रात्र आम्ही आळीपाळीने पार्लेला बसतं ठेवून काढली. त्या रात्रीबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. तो कण्हत होता आणि मला झोप येत होती, आणि झोप येते याची लाज वाटण्याइतकंही त्राण नव्हतं.

पहाटे पार्ले उठून उभा राहिला आणि दारू प्यालेल्या माणसासारखा एका बाजूला झुकून खाली बसला. वाटाड्याचा चेहरा बदलला. "अभी के अभी," तो म्हणाला. आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्या चौघांचे बूट बाहेर आहेत. संध्याकाळी आम्ही ते काढून तंबूच्या दाराशी नीट जोडीने ठेवले होते, घरी दाराबाहेर ठेवतो तसे. मळकी पादत्राणं अंथरुणाशी कोण नेतं? ओले बूट रात्रभरात गोठून लाकूड झाले होते. पाय आत जाईना. वाटाडा पहिल्यांदा आमच्यावर चिडला. "जूते बाहर कौन छोड़ता है, साहब?" बोरिवली आणि घाटकोपर स्टोव्हवर एकेक बूट फिरवत बसले. पाऊण तास गेला. पार्ले पाठ टेकून डोळे मिटून बसला होता आणि मी त्याचा बूट पोटाशी धरून गरम करत होतो. तेव्हा मी पहिल्यांदा खरा घाबरलो. हा माणूस इथे गेला तर, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि त्या वाक्याचा पुढचा भाग मी पुरा होऊ देत नव्हतो.

वाटाड्याने आणि त्याच्या मेव्हण्याने त्याला मध्ये धरून उतरवलं. सकाळी बर्फ कडक होता, काल चढायला जे दहा तास लागले ते उतरायला साडेतीन. देवदार लागले तसं त्याने पाणी मागितलं. खाली गाडीत त्याने विचारलं, माझा चष्मा कुठे आहे, आणि घाटकोपर रडायला लागला. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला एक दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण काल दुपारीच खाली फिरायला हवं होतं. हे मी एकट्याने ऐकलं. बाकीचे गाडीवाल्याशी बोलत होते.

मुंबईत आल्यावर गोष्ट आमच्याआधी पोचली होती. घाटकोपरने ती दुकानात गिऱ्हाइकांना सांगितली. बोरिवलीने शाळेत मुलांना सांगितली. मुलुंडने दोन सॅका उचलल्या, मुलुंडने त्याला अडीच तास अंगावर घेऊन आणलं. पार्लेच्या बहिणीने मला फोन केला आणि "दादा, तुमचे उपकार," म्हणाली. माझ्या बायकोने शेजाऱ्यांना सांगितलं. मी कोणाला काहीच सांगितलं नाही आणि कोणाला अडवलंही नाही.

माझा धंदाच लोकांची निवेदनं वाचायचा. अपघात कसा झाला ते लोक स्वतःच्या अक्षरात लिहून देतात. नवीन लागलेल्या पोरांना मी सांगतो, लिहिलेलं बहुतेक खरंच असतं, गाळलेलं शोधा. त्या महिन्यांत मी टेबलावर बसून दुसऱ्यांचं गाळलेलं शोधत होतो आणि संध्याकाळी घरी येऊन जेवून झोपत होतो. थकवा जात नव्हता. डॉक्टरने रक्त तपासलं, काही निघालं नाही. "वय," तो म्हणाला.

पार्ले मला भेटत होता. दर पंधरवड्याला मी त्याच्याकडे जायचो, तो चहा करायचा, आम्ही त्याच्या वडिलांच्या औषधांचं कपाट रिकामं केलं, जुन्या वह्या रद्दीत दिल्या. त्या दुपारबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मी वाट बघत होतो, की तो एकदा तरी म्हणेल, तू एक का वाजवलीस. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. तो म्हणायचा, साखर घालू का अजून.

सप्टेंबरच्या शेवटी सगळे त्याच्या घरी जमलो. बोरिवली आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. पोरीने दिवाळीनंतरचा एक ट्रेक काढला होता, सह्याद्रीतलाच, पण अवघड, दोन दिवसांचा, तिच्या चार मैत्रिणींसकट. घाटकोपर बटाटेवडे घेऊन आला होता आणि नकाशावर तेलाचे डाग पाडत होता.

"मला हिची काळजी नाही," बोरिवली म्हणाली. "मुलुंड मागे असेल तर मी हिला कुठेही पाठवीन."

पोरगी माझ्याकडे बघून हसली. "काका, तुम्ही मागे असाल तर आईने रात्रीचा मुक्कामही कबूल केलाय. तुम्ही याल ना?"

पार्ले ट्रे घेऊन आतून आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कप एकेक करून टेबलावर ठेवत राहिला, पण फार सावकाश. मला वाटलं, हा गप्प बसणार. मी हो म्हटलं तरी हा गप्पच बसणार आहे. पाच पोरी माझ्यापुढून चालतील, मी दहाव्या मिनिटाला धापा टाकेन, आणि त्यांच्यातलं कोणी थांबलं की मला बरं वाटेल.

"मी मागे राहणार नाही," मी म्हणालो.

"का रे, काय झालं?" घाटकोपर म्हणाला. "गुडघा?"

"गुडघा नाही. माझ्यात दम नाही. चार वर्षं झाली. आणि त्या दिवशी बर्फात याने मला दोन वाजव म्हणून सांगितलं होतं. मी एक वाजवली."

कोणाला पटकन कळलं नाही. बोरिवली म्हणाली, "म्हणजे? ऐकू आलं नसेल तुला."

"ऐकू आलं होतं. तो ओकून बसला होता. मला चालवत नव्हतं आणि तुम्ही मला तसं बघू नये म्हणून मी एक वाजवली. तो माझ्यामुळे अडीच तास वर चढला. डॉक्टरही म्हणाले होते, दुपारीच फिरायला हवं होतं. तुम्हाला मी सांगितलं नाही."

घाटकोपर नकाशावरचे तेलाचे डाग रुमालाने पुसायला लागला. बोरिवलीने हातातला कप खाली ठेवला. ती माझ्याकडे न बघता मुलीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मी परत शिटी दिली होती. मला वाटलं, मागे सगळं बरं चाललंय." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. मी पार्लेकडे वळलो. म्हणालो, "तू एकदा सांगितलंस, तेव्हाच मी वाजवायला हवी होती. माझं चुकलं."

पार्ले खुर्चीत बसला. बशीत सांडलेला चहा त्याने परत कपात ओतला.

"एकदा नाही रे," तो म्हणाला. "तीनदा सांगितलं. पहिल्यांदा झाडं संपली तिथेच. दुसऱ्यांदा तू 'हो, हो' म्हणालास आणि चालत राहिलास. तिसऱ्यांदा तू माझ्याकडे बघत बघत एक वाजवलीस, तेव्हा मला भीती वाटली. म्हटलं, आपल्या मागे कोणीच नाहीये."

तो भांडत नव्हता. आकडा चुकला तर तो दुरुस्त करावा तसं म्हणाला, आणि मग पोरीला विचारलं, तुला साखर किती.

पहिल्या दोन वेळा मला अजूनही आठवत नाहीत.